ओल पुरेशी आहे

माझ्या पोळपाटावर मधोमध एक जळका डाग आहे. पाहुणे स्वयंपाकघरात डोकावले की विचारतात, हे काय झालं? मी म्हणते, चटका बसला. सासूबाईंनी पोळपाटावर ठेवून वायरी डागल्या असं खरं सांगितलं तर पुढचा अर्धा तास त्यांचं कौतुक ऐकावं लागतं. ‘ह्या वयात? कमाल आहे हो.’ ह्या वयात काय आणि त्या वयात काय, पोळपाट पोळ्यांसाठी असतो.

आमचं घर दिवेआगरला. पुढच्या चार खोल्यांत पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय, ती मी बघते. मागे नारळी-पोफळीची वाडी, थेट समुद्राच्या पुळणीपर्यंत, ती माझे सासरे भाऊ बघायचे. नवरा विहंग श्रीवर्धनला बँकेत, सकाळी जातो तो दिवेलागणीला उगवतो. आणि सासूबाई, अनुसूया. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या, म्हणून अख्खं गाव त्यांना बाई म्हणतं. मी आई म्हणते, आणि मनातल्या मनात आणखी बरंच काही म्हणते.

निसर्ग वादळात आमची समुद्राकडची सगळी वाडी आडवी झाली. लोक महिनाभर डोक्याला हात लावून बसले होते, तेव्हा भाऊ खड्डे खणायला लागले. पुढच्या पावसात त्यांनी त्या सगळ्या पट्ट्यात पोफळीची रोपं लावली. आता पोफळ म्हणजे काही मेथी नव्हे, की पेरली आणि महिन्यात खुडली. पाच-सहा वर्षं नुसतं पाणी घालत राहायचं, मग पहिली पोय येते, म्हणजे सुपारीचा पहिला तुरा. जमीन रेताड, त्यामुळे उन्हाळ्यात दिवसाआड पाणी हवंच हवं. भाऊंनी ते पोरांना दूध पाजावं तसं पाजलं. ह्या वर्षी पोय धरेल असं त्यांचं गणित होतं. ‘पहिली पोय बघितली की मी सुटलो,’ म्हणायचे. कुठून सुटलात, विचारलं की नुसते हसायचे.

आणि महाशिवरात्रीच्या तोंडावर भाऊ पाटावरून घसरले. पाट म्हणजे वाडीत पाणी न्यायला दगडांत बांधलेली उघडी पन्हळ. ती विहिरीपासून निघते, आमच्या मागच्या पडवीला खेटून जाते आणि वाडीत शिरते. तिच्यावर शेवाळ धरतं हे माहीत असलेला गावातला पहिला माणूस म्हणजे भाऊ, आणि तेच तिच्यावर पाय देऊन उभे राहिले. खुब्याचं हाड मोडलं. पनवेलला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, वर्षभर पायरी उतरायची नाही. तेव्हापासून भाऊ पडवीत, वॉकर आणि आरामखुर्चीच्या मधे. डोळे जरा मंदावलेत, पण कान असे तिखट की माझ्या कुकरच्या शिट्ट्या ते पडवीतून मोजतात आणि एक जास्त झाली की सांगतात. मला त्याची अजिबात गरज नसते.

दिवसभर करायचं काय, म्हणून त्यांची पूजा वाढली. पूर्वी दोन पळ्या पाणी घालून देव उरकायचे, आता खुर्चीसमोर चौरंग मांडून रोज साग्रसंगीत अभिषेक. आमचे देव जन्मात कधी इतके धुतले गेले नव्हते. ते पूजेचं पाणी पायदळी जाता कामा नये, म्हणून पूर्वी भाऊ विहिरीकडच्या बेलाला नेऊन घालायचे. आता चालता येत नाही, तर पडवीच्या कठड्यावरूनच खाली ओततात. पळी, पंचपात्र, ताम्हण, सगळं घासायला माझ्याकडे.

वाडीचं पाणीही माझ्याकडेच आलं. पहाटे उठून पंप लावायचा, फावडं घेऊन एकेक आळ्याचं तोंड उघडायचं, ते भरलं की बंद करायचं, दुसरं उघडायचं. विहंग सोबत यायचा, पण त्याला बँकेची घाई. सातला पाहुण्यांचे पोहे. पंधरा दिवसांत माझी कंबर बोलायला लागली. गडी मिळतो का बघितलं, तर सगळे कामगार रिसॉर्टच्या बांधकामांवर. म्हणजे घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

ह्या सगळ्यात आई कुठे होत्या, तर झोपाळ्यावर. हे सांगायला मला आवडत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. निवृत्त झाल्या आणि झोपाळ्यावर बसल्या त्या बसल्याच. पहिले काही महिने आम्हाला वाटलं, विश्रांती घेतायत. मग त्यांनी पेपर वाचणं सोडलं, मग देवळात जाणं सोडलं. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यानं झोप वाढली. ज्या बाईंनी गावातल्या दोन पिढ्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं, त्यांनी घरात एक प्रश्न विचारला नाही. भाजी कुठली करू, विचारलं तर ‘कुठलीही’. ह्या ‘कुठलीही’नं माझा जीव मेटाकुटीला आला होता. भाऊ रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी झोपाळ्यावर बसून वाडीत काय झालं ते सांगायचे. त्या हो म्हणायच्या आणि समोर बघत राहायच्या.

तर भाऊ पनवेलहून घरी आल्यानंतर आठवड्याभरात एका सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, आणि आई जमिनीवर बसलेल्या, समोर माझा मिक्सर उघडा. तळ वेगळा, मोटर वेगळी, स्क्रू माझ्या हळदीच्या वाटीत. आत पाहुणे नाश्त्याला बसलेले.

‘आश्लेषा,’ त्या म्हणाल्या, ‘ही मोटर उलटी का फिरत नाही गं?’

मी खूप बोलले. काय काय बोलले ते आठवत नाही, पण पाहुण्यांनी खोबऱ्याच्या चटणीशिवाय घावन खाल्ले आणि कुणी चकार शब्द काढला नाही. मग मी मागे जाऊन विहंगला फोन लावला. ‘आईंनी मिक्सर उघडला,’ म्हटलं. तो म्हणाला, ‘उघडू दे.’ त्याचा आवाज बरोबर नव्हता. मी फोन ठेवून दिला. त्या दिवशी सोलकढीचा नारळ मी पाट्यावर वाटला.

आईंनी ठरवलं होतं की वाडीला आपोआप पाणी देणारं यंत्र घरीच करायचं. ‘पाणी घालायला माणूस कशाला हवा? माती कोरडी झाली की पंप सुरू, ओली झाली की बंद. सातवीच्या मुलाला कळेल.’ भाऊंसमोर उभ्या राहून हे सांगितलं, फळ्यासमोर उभ्या राहिल्यासारखं. भाऊ म्हणाले, ‘कर.’ त्यांच्या वाडीत आजवर त्यांनी कुणाला फावड्याला हात लावू दिला नव्हता.

मग आमच्या घराची प्रयोगशाळा झाली. आई मोबाइलवर व्हिडिओ बघायच्या, थांबवून थांबवून, आणि मधेच ‘चूक सांगतोय हा’ असं म्हणायच्या. बोर्लीला साहिलचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तो त्यांचा विद्यार्थी, त्यामुळे बाईंचा फोन आला की बिचारा हातातलं काम टाकून सुटे भाग घेऊन हजर. माझी फोडणीची पळी कथील वितळवायला गेली. फ्रिजमधून श्रीखंडाचा डबा काढून पाहुण्यांसमोर उघडला, तर आत हिरवी पट्टी, वायरी आणि एक लुकलुकणारा दिवा. ‘दमट हवेपासून संरक्षण,’ आई म्हणाल्या. श्रीखंड त्यांनी एका पातेल्यात काढून ठेवलं होतं, झाकण न ठेवता. एकदा त्यांनी कोरड्या मातीचा इशारा म्हणून भोंगा जोडला. तो दुपारी पाहुणे झोपलेले असताना वाजायला लागला आणि काही केल्या थांबेना. चार खोल्यांच्या दारांत जाऊन मी माफी मागितली. ते काम ह्या घरात कायम माझं.

मातीतली ओल मोजायला दोन दात असलेली एक पट्टी मिळते, ती आळ्यात खुपसायची. आई तिला पुस्तकी भाषेत संवेदक म्हणतात, मी काटा म्हणते. असे तीन काटे आणले होते. पहिला समुद्राकडच्या टोकाला लावला, तो खाऱ्या वाऱ्यानं आठवड्यात गंजून गेला. दुसरा वाडीच्या मधे लावला, तो वानरानं उपटला, माडावर नेऊन चावून बघितला आणि कुठेतरी फेकून दिला. करायला गेलो गणपती, झाला मारुती, असं म्हणतात. इथे मारुतीच येऊन गणपती घेऊन गेला. तिसरा काटा आईंनी पडवीखालच्या पोफळीच्या आळ्यात खुपसला, कारण घरातलं वायफाय तेवढंच पोचतं आणि वानरं घराजवळ येत नाहीत.

‘एवढ्या एका झाडावरून सगळ्या वाडीचं कळेल?’ मी विचारलं.

‘शितावरून भाताची परीक्षा,’ त्या म्हणाल्या. बाईंनी सांगितलं, संपलं.

विहंगनं दोन रविवार खपून पाटाला ओळीओळीनं पाइप जोडले, म्हणजे फावड्याचं काम उरलं नाही. रामनवमीच्या दिवशी चाचणी झाली. आईंनी काटा कोरड्या वाळूच्या घमेल्यात धरला. विहिरीतला पंप पाण्यात बुडालेला, त्याचा आवाज येत नाही, पण थोड्या वेळानं पाटातून खळखळ पाणी आलं आणि पडवीला वळसा घालून वाडीत गेलं. भाऊ खुर्चीत पुढे वाकून बघत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आईंनी काटा पाण्याच्या बादलीत बुडवला, पाणी थांबलं. भाऊंनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मग काटा आळ्यात गेला, आणि मी देवासमोर साखर ठेवली, माझ्या कमरेच्या वतीनं.

काटा दिवसभर ओल नोंदवायचा, पण पाणी सोडायचं की नाही ते यंत्र पहाटेच ठरवायचं, कारण तेव्हा विजेचा दाब चांगला असतो आणि पाणी उन्हानं उडून जात नाही. माती कोरडी असली तर पाणी सोडायचं. आम्ही सगळे तेव्हा झोपेत. सकाळी आईंच्या फोनवर हिरवा ठिपका यायचा आणि खाली लिहिलेलं असायचं, ‘ओल पुरेशी आहे’. ते शब्द त्यांनीच घातले होते. चहा घ्यायच्या आधी त्या फोन घेऊन भाऊंकडे जायच्या. ‘बघा.’ भाऊ चष्मा लावून बघायचे. ‘वा,’ म्हणायचे. मग तोच फोन माझ्या नाकासमोर यायचा, माझे हात पिठात असताना.

एप्रिल गेला, मे आला. मे महिन्यात आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. एक गाडी निघते, दुसरी दारात उभी. मोदक वळा, मासे नाहीत म्हणून नाराज झालेल्यांना समजवा, एसीचं पाणी कुठून गळतंय बघा. समुद्राकडच्या टोकाला मी फिरकलेसुद्धा नाही. घराजवळची झाडं न्हाणीघराच्या सांडपाण्यावर हिरवीगार होती. विहंग रात्री दमून यायचा, आईंचा फोन बघायचा आणि जेवायला बसायचा. हिरवा ठिपका होता ना. मग वाडी कोण बघतंय?

मेच्या मध्यावर ठाण्याचं एक कुटुंब आलं होतं. त्यातल्या बाई सकाळी वाडीतून समुद्रावर जाऊन आल्या आणि मला फोन दाखवत म्हणाल्या, ‘मागे ती वाळलेली झाडं तुम्ही तशीच ठेवलीत ते किती छान. फोटो अगदी वेगळे आलेत.’

‘कुठली वाळलेली झाडं?’

त्यांनी दाखवलं. मी हातातली चाळण खाली ठेवली आणि पायात चप्पल न घालता मागे धावले.

भाऊंची रोपं. म्हणजे आता रोपं कसली, माझ्या डोक्याच्या वर गेलेली. झावळ्या पिवळ्या पडून खोडाला चिकटून लोंबत होत्या. काहींचे शेंडे पार करपले होते, हात लावला तर मोडून हातात आले. आळ्यांतली वाळू पायाला चटके देत होती. पाइपांच्या तोंडांवर कोळ्यांनी जाळी विणली होती, म्हणजे त्यांतून पाणी शेवटचं कधी आलं असेल देव जाणे. मी एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेले, मग तिसऱ्या, आणि मला रडूच आलं. मग राग आला. मला रडू आलं की पाठोपाठ राग येतोच.

एक वाळकी झावळी ओढत मी घराकडे आले. पडवीत भाऊंची पूजा नुकतीच आटपली होती. मी अंगणातूनच ती झावळी त्यांच्या पायापाशी फेकली.

‘बघा तुमच्या ह्या यंत्राची करणी. बघा.’

भाऊंनी झावळीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

‘किती गेली?’ त्यांनी विचारलं.

माणूस विचारेल, अगं काय झालं? हे कशानं झालं? किती गेली, असं कोण विचारतं?

‘भाऊ, तुम्हाला माहीत होतं?’

त्यांनी वाकून कष्टानं झावळी उचलली आणि मांडीवर घेतली. ‘पाटात पाणी आलंच नाही गं,’ म्हणाले. ‘त्या रामनवमीनंतर एकदाही नाही. पहाटे मी जागाच असतो. पाणी आलं असतं तर मला ऐकू आलं नसतं का?’

‘मग बोलला का नाहीत? आई रोज फोन घेऊन येतात तुमच्यापुढे. पाणी आलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. त्याला काय पंचांग बघायला लागतं?’

‘ती फोन घेऊन येते तेव्हा तिच्याकडे बघितलंस कधी तू? केस विंचरलेले असतात. चहाच्या आधी. आणि मी म्हणायचं, तुझं यंत्र चालत नाही?’

‘हो, म्हणायचं.’

‘आणि ती पुन्हा त्या झोपाळ्यावर जाऊन बसली असती म्हणजे?’

‘मग मला सांगायचं होतंत. मी गुपचूप पाणी घातलं असतं.’

‘तू आणि गुपचूप? तू अंगणात उभी राहून सगळ्या गावाला ऐकवलं असतंस.’

त्या क्षणी मी अंगणात उभी राहून सगळ्या गावाला ऐकवतच होते. ठाण्याची मंडळी खिडकीत होती.

‘झाडं काय,’ भाऊ म्हणाले, ‘पुन्हा लावता येतात.’ असं म्हणताना ते मांडीवरच्या झावळीच्या वाळक्या पात्या एकेक करून सरळ करत होते. लावता येतात म्हणे. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस, पुन्हा पाच-सहा वर्षं. मला त्यांचा इतका संताप आला आणि इतकं वाईट वाटलं, की दोन्हीपैकी काय आधी करावं ते कळेना.

‘कुठली झाडं?’

आई दारात उभ्या होत्या. हातात फोन. भाऊंनी माझ्याकडे बघितलं, ते नजरेनं काय सांगत होते ते मला स्वच्छ कळलं, आणि तरी मी सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा स्वभाव. पण ह्या वेळी मी स्वभावानं नाही बोलले. घरात एक माणूस मूग गिळून बसला तर वाडीचं काय होतं ते मी नुकतंच बघून आले होते. समुद्राकडची सगळी रोपं वाळली, म्हटलं. पाणी एकदाही गेलेलं नाही. भाऊंना माहीत होतं.

आईंनी ती झावळी बघितली. फोन बघितला. मग त्या वळल्या आणि झोपाळ्यावर जाऊन बसल्या.

कड्या कुरकुरल्या. फोन शेजारी पालथा ठेवलेला. त्या समोर बघत होत्या, अगदी तशाच, पूर्वीसारख्या. भाऊंनी वॉकर धरून उठायचा प्रयत्न केला आणि परत बसले. वाटलं, आपण जीभ हासडून ठेवायला हवी होती. वाटलं, उघडू देत अजून दहा मिक्सर, पण हे नको. आत दूध उतू गेल्याचा वास येत होता, तरी मी अंगणातच उभी होते.

‘अहो,’ आई झोपाळ्यावरून म्हणाल्या. ‘पूजेचं पाणी किती असतं हो रोज?’

‘अं?’

‘अभिषेकाचं. तांब्याभर असतं की जास्त?’

‘हल्ली छोटी बादली भरते,’ भाऊ म्हणाले.

‘आणि ती ओतता कुठे?’

भाऊंनी कठड्याकडे बोट केलं. मग ते बोट त्यांनी हळूच मागे घेतलं.

आई उठल्या, कठड्याशी गेल्या, खाली वाकून बघितलं. मीही बघितलं. पोफळीचं आळं चिखलानं भरलेलं, त्यात झेंडूच्या पाकळ्या, बेलाची पानं, आणि मधे तो काटा, त्याच्या एका दाताला तुळशीचं पान चिकटलेलं. रोज बादलीभर तीर्थ पिऊन तो रोज पहाटे सांगत होता, ओल पुरेशी आहे. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्याच्यापुरती होती.

आईंनी फोनवर बोट फिरवून एक आलेख काढला. ‘हे बघा. पहाटे ओल वाढतच नाही. वाढते ती पूजा झाल्यावर. रोज. मी हे रोज बघत होते आणि माझ्या डोक्यात आलं नाही.’ त्यांनी फोन खाली केला. ‘एका शितावरून परीक्षा केली, आणि शीत देवाच्या नैवेद्यातलं घेतलं.’

‘अगं, मला वाटलं...’ भाऊ म्हणाले.

‘तुम्ही बोलू नका.’ असा आवाज मी आजवर ऐकला नव्हता, गावातल्या दोन पिढ्यांनी ऐकला असावा. ‘तीस वर्षं मी मुलांना सांगितलं, फळ्यावर माझं चुकलं तर हात वर करा. चूक दिसूनही जो गप्प बसायचा, त्याला मी बाकावर उभं करायचे. तुम्हाला तर उभंही करता येत नाही.’

‘तुझी काळजी वाटली गं.’

‘कळलं मला. झाडं मेली तरी चालतील, हिला खेळू दे. मी काय लहान मूल आहे, खुळखुळा हातात दिला की गप्प बसेन?’ त्यांचा आवाज फाटला. ‘अहो, तुमची झाडं जगावीत म्हणून करत होते ना मी. ती मरताना तुम्ही ऐकत बसलात, आणि रोज सकाळी मला वा म्हणालात.’

भाऊंनी मान खाली घातली. मग म्हणाले, ‘चुकलं माझं.’ ह्या घरात सून म्हणून आल्यापासून हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. एरवी मी ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं असतं.

आईंनी पदर खोचला आणि पंपाचं बटण हातानं चालू केलं. विहंगला फोन करून बोलावून घेतलं. दिवसभर आम्ही पाणी घालत होतो, पाइपांची तोंडं तारेनं मोकळी करत. जेवायला उशीर झाला म्हणून ठाण्याच्या त्या बाई विचारायला आल्या, तर मी त्यांच्या हातात नळी दिली. त्यांनी दोन ओळी भरल्या, मुकाट्यानं. संध्याकाळी भाऊ पडवीतून एकेका ओळीचं विचारत होते आणि विहंग खरं खरं सांगत होता. तिसऱ्या ओळीत पाच शेंडे हिरवे. चौथीत काही नाही. निम्मी वाचतील असं दिसतंय. पोय ह्या वर्षी नाही, बहुतेक पुढच्याही वर्षी नाही.

दुसऱ्या दिवशी आईंनी नवे काटे मागवले. आता ते समुद्राकडच्या टोकाला आहेत, खारं वारं लागू नये म्हणून दात सोडून बाकीचे मेणात बुडवून, वानरांसाठी काटेरी झुडपं लावून. वायफाय तिथवर पोचवायला आणखी एक डबा लागला, तो माझ्या लोणच्याचा. पूजेचं पाणी त्या टोकाच्या, पण काट्यांपासून लांबच्या, वाळक्या पोफळीला नेऊन घालायचं काम माझ्याकडे आलं, अर्थातच. आणि भाऊंची खाट पाटाच्या बाजूला, अगदी कठड्याशी सरकवली गेली.

‘काट्यावर माझा विश्वास नाही,’ आईंनी त्यांना सांगितलं. ‘तुमच्या कानांवर आहे. पहाटे पाटात पाणी आलं तर गप्प पडून राहायचं. नाही आलं तर हाक मारायची. मला काय वाटेल, ह्याचा विचार करायचा नाही.’

भाऊ हो म्हणाले. पहिले दोन दिवस पाणी आलं. परवा पहाटे मी साखरझोपेत होते, आणि पडवीतून अशी हाक आली की वाडीतले बगळे उडाले.

‘अनुसूयेऽ, पाणी आलं नाही.’

मी धडपडत उठले. बघते तर आई माझ्या आधी अंगणात उतरलेल्या, एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात वायरी सोलायला माझ्या स्वयंपाकघरातली सुरी, आणि ‘ऐकलं, ऐकलं’ असं ओरडत विहिरीकडे निघालेल्या. चारही खोल्यांत दिवे लागले. एक गृहस्थ बर्म्युडावर बाहेर आले आणि घाबरून म्हणाले, काय झालं हो?

त्यांची माफी मागायला मी तोंड उघडलं होतं.

‘पाणी आलं नाही,’ मी म्हटलं. ‘येईल आता.’ आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.

आधण उकळायच्या आत पाटातून खळखळ ऐकू आली. पाणी आलं तर बोलायचं नाही असं ठरलं होतं, पण ह्या घरात ऐकतंय कोण.

‘आलंऽ,’ भाऊ पडवीतून ओरडले.